वाचकांचे प्रश्न: चेरी कधी खाल्लीच नाही तर वास कुठनं येणार?

मागच्या अंकात वाईन टेस्टिंगवर चार ओळी लिहिल्या आणि प्रश्नांचा गठ्ठाच आला. मी काही सर्टिफिकेटवाला तज्ज्ञ नाही हे आधीच सांगतो. अकलूज आणि नाशिकला येऊन-जाऊन, पैसे घालवून आणि बऱ्याच चुका करून जेवढं कळलं तेवढं लिहितोय.

प्रश्न: मार्चमध्ये मिस्टरांबरोबर नाशिकला गेले होते. टेस्टिंगला सहा ग्लास ठेवले. तो मुलगा म्हणाला चेरी, लेदर, व्हॅनिला. मला सगळं आंबट नाहीतर तुरट लागलं. बाकीचे माना डोलवत होते म्हणून मीपण डोलवली. माझं नाक खराब आहे का? (जुळे सोलापूर)

ताई, नाक ठणठणीत आहे तुमचं. आणि आंबट, तुरट हे तुम्ही बरोबर पकडलंत की, वाईनचा निम्मा हिशेब तर तिथंच आहे. आंबटपणा म्हणजे ॲसिड, त्यानं जिभेच्या कडेला पाणी सुटतं, चिंच नुसती बघितली तरी सुटतं तसं. तुरटपणा म्हणजे टॅनिन, ते द्राक्षाच्या सालीतनं, बियांतनं आणि लाकडी पिंपात ठेवली असेल तर लाकडातनंपण येतं, हिरड्या आवळून येतात, उकळून उकळून काळा झालेला कोरा चहा प्यायल्यावर होतं ना अगदी तसं. रेडमध्ये ते जास्त असतं कारण रेड करताना रस सालीबियांसकट आंबवतात, व्हाईटचा रस आधी दाबून वेगळा काढतात आणि मग आंबवतात. रंगही सालीचाच बघा, काळं द्राक्ष सोललं तर आत गर पांढुरकाच निघतो.

आता चेरीचं. तो मुलगा खोटं बोलत नव्हता, पण त्याला जे पाठ करायला दिलं ते युरोपातल्या माणसाच्या लहानपणातलं आहे. आपली चेरी म्हणजे केकवरची पाकातली लाल गोळी, आणि तीपण बऱ्याचदा रंगवलेलं करवंदच असतं, मग तो वास आठवणार कुठनं? नाकाला जे माहीत आहे तेच ते ओळखतं. म्हणून स्वतःचे शब्द वापरायचे, लाजायचं नाही. शिराझ नावाच्या द्राक्षाच्या रेडमध्ये काळ्या मिरीचा वास येतो तो काही कवीची कल्पना नाही, रोटंडोन नावाचं द्रव्य त्याला कारण आहे आणि तेच द्रव्य खऱ्या मिरीतपण असतं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शोधून काढलं. शार्डोने द्राक्षाच्या एखाद्या व्हाईटला लोण्याचा वास येतो तो डायअसिटाइल नावाच्या द्रव्याचा. रीसलिंग द्राक्षाच्या जुन्या व्हाईटला चक्क रॉकेलचा वास येतो, आणि माहितगार लोक त्याला नाक मुरडत नाहीत, उलट खूश होतात.

माझा मेहुणा नान्नजकडचा, द्राक्षवाला, दारूला शिवत नाही. एकदा फक्त वास घे म्हणून सोव्हिन्यॉ ब्लां या व्हाईट वाईनचा ग्लास त्याच्या पुढं केला. त्यानं दोनदा हुंगलं आणि म्हणाला, "दाजी, शेंडा खुडल्यावर हाताला येतो बघा, तसला वास हाय." मी तोवर पुस्तकातलं ढोबळी मिरची, ओलं गवत असलं घोकत बसलो होतो. तो हिरवा वास पायराझिन नावाच्या द्रव्यांचा आणि ढोबळी मिरचीतही तीच द्रव्यं असतात, म्हणजे बागेत उभं राहणाऱ्या माणसानं एका दमात सांगितलं ते मला पाठ करूनही नीट सांगता येत नव्हतं.

आणि माना डोलवण्याचं म्हणाल तर तुम्ही एकट्या नाही. २००१ साली फ्रान्सच्या बोर्डो विद्यापीठातल्या ५४ विद्यार्थ्यांना, तेही वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या, व्हाईट वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. डोळा आधी बोलतो आणि नाक त्याच्या मागनं फरफटत जातं. म्हणून पुढच्या वेळी मुलानं तोंड उघडायच्या आधी दोन शब्द कागदावर लिहून टाका.

प्रश्न: ग्लास फिरवल्यावर काचेवर धारा उतरतात. जेवढ्या जाड धारा तेवढी वाईन भारी असं मित्र म्हणतो. (होटगी रोड)

नाही. त्या धारा मुख्यतः अल्कोहोलमुळं येतात, काचेवरच्या पातळ थरातलं अल्कोहोल आधी उडतं आणि उरलेलं थेंब होऊन खाली ओघळतं. दर्जाशी काही संबंध नाही. ग्लास फिरवायचा तो वास मोकळा व्हावा म्हणून. मित्राला सांगा, धारा बघत बसू नको, नाक घाल.

प्रश्न: रेड वाईन फ्रिजमध्ये ठेवायची नसते, रूम टेंपरेचरला प्यायची असते म्हणे. खरं का? (सात रस्ता)

काका, ज्यानं हे लिहिलं त्याची रूम युरोपातली, दगडी भिंतींची, १६-१८ डिग्रीची. आपली रूम मे महिन्यात पंखा पाचवर ठेवूनही चाळीसच्या आसपास. तसली कोमट रेड प्यायली तर अल्कोहोल नाकात जातं आणि फळाचा वास पार मरतो. सरळ फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, उन्हाळ्यात अजून थोडा वेळ. व्हाईट ८ ते १२ डिग्रीला, म्हणजे दोन-तीन तास फ्रिजमध्ये. पण फ्रीजरमध्ये बर्फगार करू नका, थंडीनं वास गोठतो, आणि हलक्या दर्जाची वाईन त्यामुळंच बरी लागते, दोष लपतात ना.

माझी फजिती ऐका. एका दुकानातनं रेडची बाटली आणली, चांगली महागाची. ती दर्शनी काचेत उभी होती, दुपारचं ऊन थेट तिच्यावर, मला लेबल आवडलं म्हणून मीच तीच द्या म्हणालो. घरी येऊन वरचं आवरण काढलं तर बूच काठाच्या वर दोन मिलिमीटर आलेलं आणि बाटलीच्या मानेवरनं वाळलेली चिकट लाल रेघ खालपर्यंत. उष्णतेनं आतलं फुगलं आणि बूच ढकललं गेलं होतं. ग्लासात ओतली तर कडेला विटकरी रंग, वास काकवी करपल्यासारखा, तोंडात फळ नाहीच, नुसता शिजलेला गोडसर वास आणि मागनं तुरट. तेव्हापासनं बूच वर आलंय का बोटानं चाचपतो, आणि काचेतली बाटली नको, आतली द्या म्हणतो.

दोष ओळखायचे तर अजून दोन वास लक्षात ठेवा. ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब आहे, टीसीए नावाचं द्रव्य असतं ते, प्यायल्यानं काही होत नाही पण मजा जाते. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा आला तर विषय संपला.

प्रश्न: आम्ही सहा मित्र. वेगवेगळ्या भागांतल्या वाईन घरी टेस्ट करायच्यात. कुठनं सुरुवात करावी? सगळ्यात महाग बाटली आणावी का? (विजापूर रोड)

महाग नको, जोडी आणा. एकटी वाईन कळत नाही, शेजारी दुसरी ठेवली की दोन्ही बोलायला लागतात. आपण बाजारात शाळू घेताना दोन पोत्यांतले दाणे दोन तळहातांवर घेऊन बघतो, तसंच. द्राक्ष एकच ठेवायचं आणि गाव बदलायचं, मग जो फरक लागतो तो माती, हवा आणि बनवणाऱ्याच्या हाताचा.

पहिली जोडी सोव्हिन्यॉ ब्लां, एक नाशिकची आणि एक न्यूझीलंडच्या मार्लबरोची. मार्लबरो थंड आहे, तिथली वाईन जिभेला अशी चावते की डोळा मिटतो, नाशिकची बहुतेकदा मऊ आणि पिकलेली लागते. दुसरी जोडी सांजोवेसे, आणि इथं आपल्या जिल्ह्याचा मान आहे बरं का. हे इटलीच्या टस्कनीचं द्राक्ष, किआंती नावाच्या वाईनमध्ये नियमानं निदान ७० टक्के हेच लागतं, आणि आपल्या माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रटेली वाईन कंपनीवाले ते लावतात. फ्रटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ, इटलीचे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील भाऊ वगैरे मिळून उभं राहिलेलं काम आहे ते. शेजारी साधी किआंती ठेवा. परदेशी बाटली कर लागून महागते, पण सहा जणांत वाटून जाते. तिसरी जोडी जमली तर शिराझ, नाशिकची आणि ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची. फ्रान्समध्ये याच द्राक्षाला सिरा म्हणतात, त्यामुळं घोटाळू नका.

घोटाळा अजून एक होतो, युरोपातल्या लेबलवर बऱ्याचदा द्राक्षाचं नावच नसतं, गावाचं असतं. शाब्ली लिहिलं म्हणजे शार्डोने समजायचं, फ्रान्सच्या बर्गंडी भागाची रेड म्हणजे जवळपास नेहमीच पिनो न्वार. आपण मंगळवेढ्याची ज्वारी म्हणतो, पुढं वाण सांगत बसतो का?

बाटल्या झाका. सोलापूरकराला टॉवेल कमी आहेत का, एकेक गुंडाळा, वर रबर लावा, नंबर टाका. लेबल आणि किंमत दिसली की जीभ गुलाम होते. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये हेच झालं, स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज दुकानदारानं फ्रेंच परीक्षकांपुढं झाकलेल्या फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन ठेवल्या, आणि रेड-व्हाईट दोन्हीत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. झाकलेल्या नसत्या तर आला असता का, तुम्हीच सांगा.

प्रत्येकाला ५० मिली पुरे, म्हणजे सहा जणांना ३०० मिली, साडेसातशेच्या बाटलीत निम्म्याहून जास्त उरतं ते जेवताना. आधी व्हाईट मग रेड, हलकीकडनं जडकडं. मध्ये तोंड साफ करायला कडक भाकरीचा तुकडा आणि पाणी, याच्याइतकं चांगलं काही नाही, परदेशी बिस्किटं आणू नका. शेंगाचटणीचा डबा मात्र दुसऱ्या खोलीत, एकदा ती जिभेला लागली की पुढचा अर्धा तास वाया. त्या दिवशी उदबत्ती नको, अत्तर नको, गजरापण नको. थुंकायला पिकदाणी ठेवा, आपल्याकडं तिची परंपरा आहेच, जगातले परीक्षकही थुंकतातच, नाहीतर चौथ्या ग्लासानंतर सगळ्याच वाईन अप्रतिम लागतात. नाक थकलं तर स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू हुंगा, ताळ्यावर येतं.

मार्क द्यायची हौस असेल तर द्या, रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वाईन-समीक्षकानं शंभरपैकी द्यायची पद्धत गाजवली, त्यात खरं तर सुरुवातच पन्नासपासनं होते, म्हणजे आमच्या शाळेतल्या चित्रकलेसारखं, कोणी नापास नाही. मी तीनच गोष्टी बघतो. आंबट, तुरट, गोड, अल्कोहोल यातलं कुणी एकटंच ओरडत नाही ना. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव मनात किती आकडे मोजेपर्यंत टिकते. आणि रात्री शेवटी कुठली बाटली आधी रिकामी झाली, हे तिसरं सगळ्यात खरं.

परवाने काढून ठेवा आणि एकवीसच्या आतलं पोरगं टेबलाजवळ नको, आपल्या राज्यात वाईनला तीच अट आहे.

प्रश्न: आमची सोनाका द्राक्षाची बाग आहे. दर पडला की वाटतं याचीच वाईन करावी. चांगली होईल का? (नान्नज)

दादा, होईल, पण पिऊन तुम्हीच म्हणाल नको. खायच्या द्राक्षात आपण काय बघतो, मणी मोठा, लांब, साल पातळ, बी नाही, खाताना कुरकुरीत. वाईनच्या द्राक्षाचं नेमकं उलटं, मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, कारण वास, रंग आणि टॅनिन बरंचसं सालीबियांतच असतं. तुमच्या मण्यात पाणी जास्त आणि साल कमी, वाईन फिकी होते. वाईनला साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्स, म्हणजे रसात ढोबळमानानं तेवढे टक्के लागते, आपण खायचा माल त्याच्या बराच आधी उतरवतो.

तुमच्यासारख्या बागायतदाराला मात्र एक गोष्ट आवडेल. युरोपात छाटणी वर्षातनं एकदा, हिवाळ्यात, कारण तिथं वेल थंडीनं झोपतो. आपल्याकडं तो झोपतच नाही म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, वाईनच्या बागेलाही तेच. त्यामुळं त्यांची तोडणी पावसाळा संपताना आणि आपली जानेवारी ते मार्च, गड्ड्याची यात्रा उरकली की सुरू. दिवसा ऊन चढतं तसं द्राक्षातलं ॲसिड भराभर उतरतं, मग बरेच जण पहाटेच तोडून घेतात.

प्रश्न: रेड वाईन हृदयाला चांगली ना? डॉक्टरांनी सांगितलं तर रोज घेऊ. (नवी पेठ)

कुठल्या डॉक्टरांनी? जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलंय की दारूची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही. आवडते म्हणून कधीतरी प्या, औषध म्हणून नको.

प्रश्न: काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर कुठली? सगळे रेड म्हणतात. (टिळक चौक)

सगळ्यांनी आपल्याकडचं मटण खाल्लेलं नसतं. तिखट, अल्कोहोल आणि टॅनिन एकत्र आले की तोंडात आग दुप्पट, तुरट रेड तर कडूच लागते. पाहुणे म्हणून रेडच हवी तर कमी तुरट, फळाच्या चवीची घ्या आणि गार करून द्या. मी स्वतः किंचित गोडसर शेनिन ब्लां ही व्हाईट चांगली थंड करून घेतो, नाशिकची सहज मिळते, गोडीनं तिखट खाली बसतं. मटण खाऱ्याचं असेल, नुसतं मीठ-हळद-आल्याचं, तर मात्र अकलूजची सांजोवेसे उघडा. आणि रस्सा अगदीच झणझणीत असेल तर वाईन बाजूला ठेवा, ताक प्या, बाटली पुढच्या रविवारी.