युद्धोत्तर ब्रिटिश कमी बजेटचे गुन्हेपट पाहायचे असतील तर पहिला कोणता पाहावा?

डोळे झाकून 'कॅश ऑन डिमांड' (१९६१) पासून सुरुवात करा. हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीचा, क्वेंटिन लॉरेन्स दिग्दर्शित हा चित्रपट मी दोनदा पाहिलाय. पैसा कमी असेल तर पटकथा आणि नट यांच्यावर किती काम भागतं, हे त्यात लख्ख दिसतं. जवळजवळ सगळी गोष्ट एका छोट्या गावातल्या बँकेत, नाताळच्या तोंडावर घडते. ना पाठलाग, ना गोळीबार. पीटर कुशिंगचा मॅनेजर हाताखालच्यांना टाकाच्या निबवरूनही झापणारा, काटेकोर माणूस. विमा कंपनीचा अधिकारी असल्याचं सोंग घेऊन आंद्रे मोरेल येतो, फोनवर मॅनेजरला त्याच्याच बायकोचा आवाज ऐकवतो आणि तिजोरी उघडायला लावतो. तिथून कुशिंगचा चेहरा बघत राहा. कडक इस्त्रीचा माणूस मिनिटामिनिटाला ढासळत जातो. हेच दोघे १९५९ साली पडद्यावर शेरलॉक होम्स आणि वॉटसन होते, त्यामुळे गंमत आणखी वाढते. फक्त प्रत नीट बघून घ्या: ब्रिटनमध्ये १९६३ साली कापून छोटा केलेला चित्रपट दाखवला गेला. साधारण ऐंशी मिनिटांची पूर्ण प्रतच पाहा.