मेजरांसोबत द्रासला

प्रश्न : आमच्या भागातले माजी सैनिक जुलैमध्ये कारगिल युद्ध स्मारक पाहायला लडाखमधल्या द्रासला निघालेत. बहुतेक सत्तरीपुढचे, काही १९७१ च्या लढाईतले. सोबतीला धडधाकट माणूस हवा म्हणून मला विचारलंय. मी शिक्षक, फौजेशी संबंध एनसीसीपुरता. त्यांच्याशी काय बोलू? लढाईच्या आठवणी विचारू का? तिथे कुणाला भरून आलं तर?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : जरूर जा. मी सैनिकी रुग्णालयात परिचारिका होते, त्यामुळे तुम्ही न विचारलेलं आधी सांगते : लघवी.

हसू नका. प्रोस्टेटचा त्रास असलेला म्हातारा माणूस प्रवासात सारखी गाडी थांबवायला लाजतो आणि पाणीच पीत नाही. काही जण त्या दिवशीची रक्तदाबाची गोळीही गुपचूप टाळतात, कारण तिनं लघवी जास्त होते. द्रास जवळपास १०,८०० फुटांवर आहे, तिथे हे दोन्ही महागात पडतं. म्हणून कुणी म्हणायच्या आत तुम्हीच गाडी थांबवा, 'मला जायचंय' म्हणून स्वतः उतरा. मागोमाग निम्मी बस उतरते की नाही बघा.

निघण्याआधी प्रत्येकानं डॉक्टरांना दाखवावं, उंचीवर होणाऱ्या त्रासावरच्या गोळ्या त्यांनाच विचारून घ्याव्यात. श्रीनगर साधारण ५,२०० फुटांवर, सोनमर्ग ९,००० च्या आसपास. दोन्हीकडे मुक्काम करा, घाईनं झोजिला खिंड ओलांडू नका. स्मारक पाहून रात्री कारगिलला जा, ते द्रासपेक्षा खाली आहे. बसल्याजागी धाप लागली, तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर 'जरा पडतो, बरं वाटेल' हे ऐकूच नका. डॉक्टर गाठा, माणूस खाली न्या. आणि लष्करी कॅन्टीनमधली दारूची बाटली कुणाच्या पिशवीत असणारच. ती परतीच्या प्रवासापर्यंत तुमच्या ताब्यात. यावर भांडण होईल, होऊ द्या.

आता बोलण्याचं. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण गावाचा 'मेजर' असतो, ते चालतं. पण गटात सुभेदार असतील तर 'सुभेदार साहेब'च म्हणा. 'किती शत्रू मारले' हे विचारायचं नाही. लंगरात, म्हणजे फौजेच्या भटारखान्यात, काय मिळायचं, रजेवर येताना गाडीत जागा कशी मिळवायची, हे विचारा, तासभर बोलतील. त्यातूनच कधी लढाई निघाली तर निघेल.

स्मारक तोलोलिंग डोंगराच्या पायथ्याशी आहे. भिंतीवर कोरलेल्या नावांत कुणी एक नाव शोधत असेल तर मोबाइल खिशात ठेवा आणि चार पावलं मागे राहा. डोळ्यांत पाणी आलं म्हणून पाठीवर थोपटायला धावू नका. पाय लटपटले तर मात्र खुर्ची लगेच हाताशी हवी, म्हणून घडीची एक न्याच. २६ जुलैच्या, म्हणजे कारगिल विजय दिनाच्या, गर्दीत आणि बंदोबस्तात म्हाताऱ्यांना फार उभं राहावं लागतं. माझं मत विचाराल तर चार दिवस आधी किंवा नंतर जा.

पदकं आणि औषधं विमानात हातातल्या पिशवीत. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, तेव्हा निदान तुमचं तरी पोस्टपेड करून घ्या, आणि सगळ्यांच्या घरचे नंबर कागदावर लिहून ठेवा.