जहाजावर जीपीएस असताना स्पीड लॉग आणि इको साउंडर कशाला लागतात, आणि वॉचवर ते नेमके वापरायचे कसे?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सोलापूरचे, पुढच्या महिन्यात डेक कॅडेट म्हणून पहिल्या जहाजावर चढणार आहात. कोर्समध्ये ही दोन्ही यंत्रं, वेग मोजणारा स्पीड लॉग आणि पाण्याची खोली मोजणारा इको साउंडर, शिकवली, पण जीपीएस असताना ती कशाला हवीत आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभं राहून त्यांचं करायचं काय, हे उलगडलं नाही. मीही सोलापूरचीच. मालवाहू जहाजावर सेकंड मेट आहे, सध्या सुट्टीवर घरी आलेय. वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आज सकाळी बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "उजनी मायनसमध्ये गेलं बघ." आपल्याकडे उन्हाळ्यात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बाहेरगावच्या माणसाला ते समजत नाही, कारण धरणात शून्याहून कमी पाणी असेल तरी कसं? आपल्याला मात्र ठाऊक असतं की हा शून्य धरणाच्या तळाचा नाही. सुमारे ११७ टीएमसीच्या धरणात ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा आहे आणि टक्केवारी त्या मृतसाठ्याच्या वरून मोजायला सुरुवात होते. म्हणून धरणात ६० टीएमसी पाणी असलं तरी बातमीत वजा आकडा येतो.

इको साउंडर आणि स्पीड लॉग वापरणं म्हणजे मुख्यतः हेच. पडद्यावर आकडा दिसला की त्याचा शून्य कुठे धरलाय ते आधी विचारायचं. बटणं तुम्हाला दोन दिवसांत येतील. ही सवय लागायला मला वर्ष गेलं.

खोलीपासून सुरुवात करू. विहिरीत दोराला दगड बांधून सोडायचा आणि पाणी किती परस आहे ते सांगायचं, हे आपल्या आजोबांच्या पिढीने केलंय. कोकणातले दर्यावर्दी तसंच वावांत मोजत. इको साउंडर दोराच्या जागी आवाज वापरतो. जहाजाच्या बुडाला बसवलेला ट्रान्सड्यूसर खाली आवाजाचा ठोका सोडतो, तो तळावर आपटून परत येतो आणि यंत्र वेळ मोजतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. ठोका ०.०२ सेकंदात परत आला, तर जाऊन-येऊन ३० मीटर झाले, म्हणजे तळ १५ मीटरवर. हा १५०० चा आकडा यंत्राने गृहीत धरलेला असतो. नदीच्या गोड्या पाण्यात आवाज थोडा हळू जातो, २० अंशांना सुमारे १४८२. तिथे यंत्र १५ मीटर दाखवत असेल तर खरं पाणी १८ सेंटिमीटर कमी असतं. ऐकायला थोडं वाटतं, पण बुडाखाली मोजून मीटरभर पाणी ठेवून नदीत शिरताना ते थोडं नसतं.

आता हे १५ मीटर कुठून? ट्रान्सड्यूसरपासून. बहुतेक यंत्रांवर तीन पर्याय असतात: डीबीटी म्हणजे ट्रान्सड्यूसरखाली, डीबीके म्हणजे कीलखाली (कील म्हणजे जहाजाच्या बुडाचा कणा) आणि डीबीएस म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून. तिसऱ्या पर्यायासाठी जहाज किती बुडालंय, म्हणजे ड्राफ्ट, तो आपण हाताने भरतो. यंत्र फक्त बेरीज करतं. तुम्ही भरलेला ड्राफ्ट आजचा आहे की गेल्या बंदरातला, हे त्याला कळत नाही.

मी थर्ड मेट असताना नेमकं हेच झालं. माल उतरवून रिकामं जहाज घेऊन आम्ही एका बंदराबाहेर नांगर टाकायला येत होतो. कॅप्टननी खोली विचारली. मी पडद्याकडे बघितलं आणि १८.४ सांगून मोकळी झाले. त्यांनी चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, बोट ठेवलं. तिथे ११ मीटर छापलेले होते, त्या वेळची भरती ३ मीटर, म्हणजे १४. "वरचे ४.४ कुठून आले?" ते ओरडले नाहीत, फक्त उत्तराची वाट बघत थांबले. माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात आलं. यंत्रात ड्राफ्ट १०.२ भरलेला होता, भरलेल्या जहाजाचा. आम्ही तर ५.८ वर तरंगत होतो. दोन्हींतला फरक बरोब्बर ४.४. नांगराची साखळी किती सोडायची हे खोलीवर ठरतं, आणि मी त्यांना नसलेलं पाणी सांगितलं होतं. नुकसान काही झालं नाही, कारण त्यांनी चार्ट वाचला होता. तेव्हापासून बंदर सोडताना ड्राफ्ट वाचून आले की मी थेट इको साउंडरपाशी जाते, तो आकडा भरते आणि कोणता पर्याय लावलाय ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून यंत्राशेजारी चिकटवते. तुम्हीही तेच करा. वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, हातात घेताना मागच्या ऑफिसरला "खोली किती?" असं विचारू नका, "कुठून खोली?" असं विचारा.

एक गोष्ट पुस्तकात असते पण डोळ्यांसमोर येत नाही. ट्रान्सड्यूसर जहाजाच्या पुढच्या किंवा मधल्या भागात असतो. जहाज मागे २ मीटर जास्त बुडालेलं असेल तर शेपटाखाली पडद्यावर दिसतं त्याहून बरंच कमी पाणी असतं. आकडा एका जागेचा आहे आणि जहाज दोनशे मीटर लांब आहे, हे चित्र मनात ठेवा.

पडद्यावर ज्या रेघा दिसतात त्यांत खोट्याही असतात. उथळ पाण्यात आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये दोन-तीनदा आपटतो, म्हणून १० मीटरवर रेघ असली तर २० आणि ३० वरही फिकट रेघा उमटतात. खरी ती सगळ्यांत वरची. गेन, म्हणजे परतलेला आवाज किती वाढवून दाखवायचा ते, जास्त ठेवला की हा पसारा वाढतो, तो हळूहळू कमी करून स्वच्छ रेघ राहील तिथे थांबायचं. याउलट फार खोल पाण्यात मागच्या ठोक्याचा आवाज पुढच्या फेरीत परत येतो आणि हजार मीटर पाण्यावर यंत्र तीस-चाळीस मीटर दाखवतं. कॅडेट घाबरून कॅप्टनला उठवतात. आधी रेंज, म्हणजे पडद्यावर किती खोलीपर्यंत दाखवायचं ते, बदलून बघा. खरा तळ नव्या रेंजवरही तोच आकडा सांगतो, खोटा तळ उडी मारतो. आणि तरीही शंका राहिली, तर उठवाच. कोणताही चांगला कॅप्टन त्यावरून रागावणार नाही.

दोन फ्रिक्वेन्सी असतील तर उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झ, खोल पाण्यात ५०. गाळाच्या नदीत दोन्ही लावून बघा. २०० वाली पातळ चिखलाच्या वरच्या थरावरून परतते, ५० वाली त्यात शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत जाते, आणि एकाच जागेचे दोन तळ दिसतात. मला हे दृश्य अजूनही थांबून बघावंसं वाटतं. इंजिन मागे चालवलं किंवा रिकामं जहाज लाटांत आपटायला लागलं की बुडाखाली हवेचे बुडबुडे येतात आणि पडदा नुसता भरून जातो किंवा कोरा पडतो. त्या वेळचा आकडा सांगायचा नाही, "रीडिंग नाही" असं सांगायचं.

आता वेग. पंढरपूरला चंद्रभागेत पाणी जोरात असताना नावाडी पुंडलिकाच्या देवळासमोर वल्ही मारत राहतो आणि होडी जागची हलत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. होडीचा वेग किती? पाण्यातून चांगलाच. घाटावरून बघणाऱ्याला शून्य. दोन्ही बरोबर. नदीत नांगरावर उभ्या जहाजाच्या ब्रिजवर हेच दिसतं: जीपीएस शून्य सांगतो, लॉग ३ नॉट (ताशी ३ सागरी मैल) सांगतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं लॉग बिघडला. तो नदी मोजत होता.

इलेक्ट्रोमॅग्नेटिक लॉग फक्त पाण्यातला वेग देतो. त्याचा सेन्सर पाण्यात चुंबकीय क्षेत्र तयार करतो, त्यातून पाणी वाहिलं की अगदी लहान व्होल्टेज निर्माण होतं आणि वेग वाढला की तेही वाढतं. सेन्सरवर शेवाळ-शिंपले बसले की आकडा बिघडतो. दांडा बाहेर काढण्याचा प्रकार असेल तर उथळ पाण्यात आणि ड्राय डॉकला जाण्याआधी तो वर घेतला का, हे स्वतः खात्री करून घ्या. डॉप्लर लॉग तिरके आवाज सोडतो, पुढेही आणि मागेही, आणि परत येणाऱ्या आवाजाची फ्रिक्वेन्सी किती बदलली त्यावरून वेग काढतो. दोन्हीकडे सोडल्यामुळे जहाज डोलण्याचा परिणाम बराचसा आपोआप कटतो. या रचनेला जेनस म्हणतात, दोन तोंडांच्या रोमन देवावरून.

डॉप्लरमधली खरी मेख अशी. तळ साधारण २०० मीटरच्या आत असेल तर तो तळाला धरून वेग सांगतो. खोल पाण्यात तळ सुटला की पाण्याच्या थराला धरून सांगायला लागतो. पडद्यावर एवढंच होतं की कोपऱ्यातली बीटी (बॉटम ट्रॅक, तळाला धरून) ही दोन अक्षरं जाऊन डब्ल्यूटी (वॉटर ट्रॅक, पाण्याला धरून) येतात. आकडा तसाच दिमाखात चालू असतो, त्याचा शून्य मात्र बदललेला असतो. म्हणून लॉगबुकात वेग लिहिताना ती दोन अक्षरंही लिहा.

मग कुठे कोणता? रडारवर दुसऱ्या जहाजाची टक्कर टाळताना पाण्यातला वेग हवा. नियम ठरतात ते समोरच्याचं तोंड कुठे आहे त्यावर. जोराचा प्रवाह असताना जमिनीवरचा वेग रडारला दिला, तर ते दुसरं जहाज कुठे वाहत चाललंय हे दिसतं, त्याचं तोंड कुठे आहे हे नाही. धक्क्याला लागताना मात्र तळाशी धरलेला वेग हवा, आडवासुद्धा, कारण तिथे सेकंदाला काही सेंटिमीटरच्या फरकाने धक्का तुटतो. म्हणूनच सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात ३०० ग्रॉस टनांपासून पुढच्या जहाजांना इको साउंडर आणि पाण्यातला वेग मोजणारं यंत्र सक्तीचं आहे, आणि ५०,००० पासून पुढे जमिनीवरचा, पुढचा आणि आडवा, दोन्ही वेग मोजणारंही.

ही दोन यंत्रं एकत्र वाचायची असतात, हे कोर्समध्ये घाईत निघून जातं. उथळ पाण्यात जहाज वेगाने गेलं की ते खाली बसतं, याला स्क्वाट म्हणतात. भरगच्च आकाराच्या, ०.८ ब्लॉक कोइफिशंटच्या (म्हणजे बुडालेला भाग तेवढ्याच लांबी-रुंदी-खोलीच्या चौकोनी ठोकळ्याच्या ०.८ पट भरतो अशा) जहाजाचा मोकळ्या उथळ पाण्यातला ढोबळ हिशोब वेगाच्या वर्गाला ०.८ ने गुणून १०० ने भागायचा. १२ नॉटला सुमारे १.१५ मीटर, ६ नॉटला फक्त ०.२९. वेग निम्मा केला की बसणं चौथाई होतं. तळ सपाट असताना कीलखालचं पाणी कमी होताना दिसलं तर आधी वेगाकडे बघा.

तुमच्या जीपीएसच्या प्रश्नाला एका घटनेनेच उत्तर देते. १० जून १९९५ ला रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला जाताना नँटकेट बेटाजवळ वाळूवर चढलं. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची वायर निसटली होती. यंत्र बंद पडलं नाही. ते गुपचूप अंदाजाने जागा काढायला लागलं, दिशा आणि लॉगचा वेग घेऊन. वारा आणि प्रवाह त्या हिशोबात नव्हते. ३४ तासांत जहाज १७ मैल बाजूला सरकलं आणि दीड हजार माणसांपैकी कुणालाही ते कळलं नाही. इको साउंडर चालू होता. त्याचा अलार्म शून्य मीटरवर लावलेला होता, म्हणजे जमिनीला टेकल्यावर वाजणार. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. जीपीएस अवकाशातून तुमची जागा सांगतो, बुडाखाली काय आहे हे त्याला माहीत नसतं. अलीकडे काही समुद्रांत त्याचे सिग्नल मुद्दाम बिघडवलेही जातात. अशा वेळी चार्टवरची खोली आणि इको साउंडरची खोली जुळते का, हा तुमच्या हातातला सगळ्यांत सोपा पुरावा. किनाऱ्याजवळ दर फिक्सला, म्हणजे चार्टवर जहाजाची जागा नक्की करताना, ती जुळवा आणि उथळ पाण्याचा अलार्म त्या दिवसाच्या पॅसेज प्लॅनप्रमाणे, म्हणजे प्रवासाच्या आखणीप्रमाणे, लावा. कालचा तसाच ठेवू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय, सोलापुरात बसून सराव करता येईल का. यंत्र नाही, पण शून्याचा सराव होईल. पेपरात उजनीची पातळी मीटरमध्येही येते, ४९०-४९६ च्या घरात. ती समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. टक्केवारी मृतसाठ्याच्या वरून. चार्टवरची खोली तिसऱ्याच शून्यापासून असते, ओहोटीच्या सगळ्यांत खालच्या पातळीच्या आसपासच्या, म्हणून तिच्यात भरती मिळवावी लागते. मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या, चार्टवर ८.५ मीटर खोली आणि जहाजाचा ड्राफ्ट ९ मीटर धरा, आणि उद्याच्या चोवीस तासांत बुडाखाली दीड मीटर पाणी कोणकोणत्या वेळी मिळेल ते काढा. मग ६ नॉटचा स्क्वाट वजा करून पुन्हा काढा. उत्तर इथे खाली टाका, मी तपासून देते. अजून तीन आठवडे घरी आहे.