पॅशनफ्रूट लावताय? आधी मांडव बघा

वेल लावताय, छानच! पण रोपाआधी मांडव भक्कम करा, सुतळीवर भागणार नाही.

- मुळं वरवरच पसरतात. पाणी नियमित द्या, साचू मात्र देऊ नका.
- कुजलेलं शेणखत पुरे. युरियाचा मारा केलात तर नुसता पाला माजतो. नवखे हमखास इथेच फसतात.
- पिवळ्या फळाची जात असेल तर वेगवेगळ्या बियांपासूनची दोन रोपं हवीत. एकटा वेल फुलतो भरपूर, पण सहसा फळ धरत नाही. जांभळ्याचं तसं नसतं. भुंगे फिरकत नसतील तर दुपारी फूल उमललं की एका वेलाचे पराग मऊ ब्रशने दुसऱ्याच्या फुलातल्या वरच्या तिन्ही टोकांना लावा.

फळं ओढून तोडू नका. पिकली की आपसूक गळतात. छाटणीचं पहिल्या बहरानंतर बघू.