मापुतोला येताय? मग इंग्रजीच्या भरवशावर येऊ नका

तुम्ही विचारलंय की कंपनी मोझांबिकला पाठवतेय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी सोबत आहेत, तर तिथल्या राजधानीत, मापुतोत, इंग्रजीवर भागेल का. ऑफिसात भागेल. गेटबाहेर नाही.

नकाशा बघून फसायला होतं. दक्षिण आफ्रिका, एस्वातिनी, झिम्बाब्वे, झांबिया, मलावी, टांझानिया, सगळे शेजारी इंग्रजीवाले. त्यांच्यामुळेच मोझांबिक १९९५ साली कॉमनवेल्थमध्येही गेलं, इंग्रजांचं राज्य नसताना. पण बँक, पोलीस, दवाखाना, घरभाड्याचा करार, सगळं पोर्तुगीजमध्ये. लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखलासुद्धा शपथबद्ध अनुवादकाकडून पोर्तुगीजमध्ये करून घ्यावा लागतो. तो खर्च कंपनीच्या गळ्यात घाला.

माझी फजिती सांगतो. घरमालक म्हणाला, ‘शाव’ घ्यायला ‘सेश्ता-फैरा’ला या. शाव म्हणजे चावी हे लगेच कळलं. आपली चावी पोर्तुगीजमधूनच आली आहे, तसेच बटाटा, साबण, बादली, घमेलं, लिलावही. सेश्ता म्हणजे सहावा हेही पाठ होतं. सोमवारपासून बोटं मोजली, शनिवार आला. शनिवारी चार बॅगा घेऊन दारात उभा, दाराला कुलूप. पोर्तुगीज लोक वार रविवारपासून मोजतात, सोमवार हा ‘दुसरा’. म्हणजे सेश्ता-फैरा शुक्रवार! मालक आदल्या दिवशी वाट बघून गावी गेलेला. दोन रात्री लॉजवर काढल्या.

म्हणून निघायच्या आधी तीन महिने रोज अर्धा तास तरी शिका. मोबाइलवरचे बहुतेक धडे ब्राझीलचे असतात, सुरुवातीला चालतील, पण शब्द वेगळे. इथे बस म्हणजे ‘माशिंबोंबू’, आणि न्याहारीला म्हणतात ‘माताबीशू’, शब्दशः ‘किडा मारणं’. पोटातला असावा! पोर्तुगालमधल्या माणसापेक्षा इथला माणूस स्वर स्पष्ट उच्चारतो, त्यामुळे कान लवकर बसतो.

आणि लाजू नका, कारण समोरच्याचीही ती बहुधा दुसरीच भाषा असते. वास्को द गामा इथे १४९८ मध्ये पोचला, १७५२ पर्यंत इथला कारभार तर गोव्यातून चालायचा. तरी पोर्तुगिजांनी सामान्य माणसाला भाषा शिकवलीच नाही. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त लोक निरक्षर होते. पोर्तुगीज पसरली ती गोरे गेल्यावर. स्वातंत्र्यासाठी लढून सत्तेत आलेल्या फ्रेलिमो पक्षाने ती सरकारी भाषा ठेवली, कारण उत्तरेतला माखुवा बोलणारा आणि दक्षिणेतला शांगाना बोलणारा यांना एकमेकांचं कळत नाही, आणि एकाची भाषा निवडली तर दुसरा रुसणार. (आपल्याकडे इंग्रजी का टिकली, ते आठवा.) १९८० मध्ये जेमतेम एक टक्का लोकांची ती मातृभाषा होती, २०१७ च्या जनगणनेत सुमारे १७ टक्के. मापुतोतली तरुण पोरं घरातही तीच बोलतात, आजीशी मात्र शांगाना.

मुलीची काळजी सोडा. शाळा इंग्रजी माध्यमाची घ्या, कारण तीन-चार वर्षांनी तुम्ही परतणार. पण फी भरमसाट आहे, ती करारात लिहून घ्या. पोर्तुगीज ती बिल्डिंगमधल्या पोरांकडून सहा महिन्यांत उचलेल आणि तुमचे उच्चार सुधारायला लागेल. वहिनींना मात्र पहिल्या आठवड्यापासून शिकवणी लावा. दिवसभर बाजार, मोलकरीण, प्लंबर यांच्याशी गाठ त्यांचीच पडते, आणि एकटं पडायला होतं ते त्यांनाच.

दुकानात शिरलात की आधी ‘बों दिया’ (सुप्रभात), मग काम. थेट भाव विचारलात तर उद्धट समजतात. आणि रात्रपाळीच्या वॉचमनला धन्यवाद देताना पोर्तुगीज ‘ओब्रिगादू’ऐवजी शांगानातलं ‘कानिमांबो’ म्हणा. आमचा तर त्या दिवसापासून गाडी लांबून दिसली तरी फाटक उघडून उभा असतो.