रोलप्लेइंग खेळांच्या व्हर्च्युअल टेबलटॉपवर आता पैसे घालावेत का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेज संपल्यावर आपला सहा जणांचा गट मुंबई, पुणे आणि सावंतवाडी येथे विखुरला, रोलप्लेइंगचा, म्हणजे एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट घडवण्याचा, खेळ चालू ठेवायचा तर व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे दूर बसलेल्यांना एकत्र खेळू देणारे संगणकावरचे टेबल, घ्यावे लागणार, आणि ही साधने टिकतील की दोन-चार वर्षांत पैसे पाण्यात जातील अशी शंका आपल्याला वाटते. मी वेंगुर्ल्यात राहतो आणि २०२० च्या टाळेबंदीपासून गेम मास्टर (खेळाची गोष्ट चालवणारा सूत्रधार) म्हणून अशा साधनांवर खेळ चालवत आलो आहे. माझे मत असे की या साधनांना भविष्य नक्की आहे, मात्र ते हलक्या, साध्या आणि आपल्या ताब्यात राहणाऱ्या टेबलांचे आहे. ज्या भव्य त्रिमितीय टेबलांचा गाजावाजा झाला, त्यांचे नाही.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा रोलप्लेइंग खेळ १९७४ साली आला, तेव्हा कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच साहित्य पुरत असे. हे टेबल संगणकावर आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. 'फँटसी ग्राउंड्स' २००४ पासून चालू आहे, २०१२ मध्ये 'रोल२०' ने तेच काम थेट ब्राउझरमध्ये आणले आणि २०२० मध्ये 'फाउंड्री' आले. या सगळ्यांचा गाभा एकच आहे: चौकटींचा नकाशा, त्यावर सरकणारी टोकन्स (पात्रांच्या सोंगट्या), न पाहिलेला भाग झाकणारे धुके, फासे आणि पात्रांची नोंदपत्रे. वीस वर्षांत हा गाभा फारसा बदललेला नाही, आणि मी तो या साधनांचा दोष मानत नाही.

तो बदलण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न खुद्द 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' च्या मालक कंपनीने, विझर्ड्स ऑफ द कोस्टने केला. अनरियल इंजिन ५ या व्हिडिओ गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर उभारलेले त्रिमितीय टेबल येणार, अशी घोषणा ऑगस्ट २०२२ मध्ये झाली. पुढे त्याला 'सिजिल' असे नाव मिळाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बाजारात आले. पुढच्याच महिन्यात ते बनवणाऱ्या चमूतील बहुतेकांना कामावरून कमी करण्यात आले. असे का झाले याची व्यावसायिक कारणे कंपनीलाच ठाऊक; गेम मास्टरच्या खुर्चीतून मात्र एक कारण मला स्पष्ट दिसते. खेळाडू ठरलेल्या वाटेने कधीच जात नाहीत. मी आठवडाभर खपून सिंधुदुर्ग किल्ल्याचा नकाशा तयार करावा आणि खेळाडूंनी होडी किल्ल्याकडे न नेता निवतीकडे वळवावी, हे नेहमीचेच आहे. सपाट नकाशावर मी चार रेघा ओढून किनारा, खडक आणि दोन माड दाखवतो आणि खेळ पुढे जातो. त्रिमितीय टेबलावर तोच किनारा उभा करण्यासाठी एक संध्याकाळ तरी मोडते. म्हणून गेम मास्टर नकळत खेळाडूंना आधी बांधून ठेवलेल्या जागेकडे ढकलू लागतो, आणि जिच्यासाठी हा खेळ खेळायचा ती मोकळीकच नाहीशी होते.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याने जत्रेत रात्रभर बसून दशावतार पाहिलेला असतो. तेथे लिखित संहिता नसते. आख्यान आणि भूमिका ठरल्या की संवाद नट उभ्या उभ्या रचतात. रंगमंचावर एक बाकडे असते आणि तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच अरण्य होते. बाकड्याच्या जागी खराखुरा पर्वत आणून ठेवला, तर नटाला ऐन वेळी दुसऱ्या लोकी जाताच येणार नाही. चांगले व्हर्च्युअल टेबलटॉप या बाकड्यासारखे असावे.

दुसरा मुद्दा मालकीचा, आणि पैसे घालण्यापूर्वी खरा विचार याचाच करावा. जानेवारी २०२३ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टनेच खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्यात बदल करण्याचा घाट घातला. त्या वेळी व्हर्च्युअल टेबलटॉपसाठी मांडलेल्या धोरणाच्या मसुद्यात, 'मॅजिक मिसाइल' या मंत्राचे ॲनिमेशन दाखवणे हा टेबलावरचा अनुभव नव्हे, असा सूर होता. (मंत्राने झालेले नुकसान आपोआप मोजलेले चालते, पण मंत्राचा बाण उडालेला चालत नाही, ही सीमारेषा कोणी आखली असेल याचे मला अजून नवल वाटते.) खेळाडूंनी इतका विरोध केला की महिना संपण्यापूर्वी कंपनी मागे हटली आणि मूळ नियमांचा संदर्भग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला झाला. तो परवाना परत घेता येत नसल्यामुळे त्या नियमांवर कोणीही टेबल बांधू शकतो, आणि लहान साधनांचे भवितव्य मला सुरक्षित वाटते ते मुख्यतः यामुळे.

तरीही सदस्यत्वावर चालणाऱ्या सेवेत आपले नकाशे आणि नोंदी दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतात. कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या आवर्ती देयकांबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, तेव्हा माझ्या कार्डावरून एका सेवेची रक्कम वळती होणे थांबले आणि ऐन लढाईच्या सत्रात आमच्या नकाशावरचे प्रकाशाचे सगळे परिणाम बंद पडले. त्यानंतर मी 'फाउंड्री' कडे वळलो. त्याचे सुमारे ५० डॉलर एकदाच भरायचे असतात, तेही फक्त गेम मास्टरने, आणि खेळाचे सगळे जग (नकाशे, पात्रे, नोंदी) आपल्या संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये राहते. अडचण अशी की मोबाइल कंपन्यांच्या जोडणीवर अनेक ग्राहक एकच सार्वजनिक आयपी पत्ता वापरत असल्याने बाहेरच्या खेळाडूंना आपल्या संगणकापर्यंत थेट पोहोचता येत नाही. मग भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो. शिवाय फाउंड्रीचा पडदा फोनवर नीट चालत नाही, आणि आपल्या गटात कोणी फक्त फोनवरून खेळणार असेल तर हे आधीच विचारून घ्यावे.

कृत्रिम बुद्धिमत्ता गेम मास्टरची जागा घेईल, असे भाकीत हल्ली वारंवार ऐकू येते. सत्राचे टिपण काढायला किंवा गावातल्या दहा दुय्यम पात्रांची नावे सुचवायला तिची मदत होते; त्यापलीकडे मी अद्याप तिच्यावर विसंबलेलो नाही. मला अधिक आशादायक वाटते ते या साधनांचे पुन्हा खऱ्या टेबलाकडे येणे. गणपतीला आमचे चाकरमानी घरी येतात, तेव्हा आम्ही जुना टीव्ही पडवीत आडवा ठेवतो, त्यावर नकाशा उमटतो आणि फासे हातानेच टाकतो. फाउंड्रीचा परवाना एकदा नोंदवला की घरच्या वाय-फायवर इंटरनेटशिवायही खेळ चालतो. पावसात केबल तुटली तरी, इन्व्हर्टर साथ देईपर्यंत तरी, आमचे सत्र थांबत नाही.

तेव्हा आपण सुरुवातीचे तीन-चार महिने 'आउलबेअर रोडिओ' वर, एक रुपयाही न घालता खेळावे. ते हलके आहे आणि फोनवरही उघडते. गट टिकतो असे दिसले, तर गेम मास्टरने फाउंड्रीचा परवाना घ्यावा, भाड्याच्या सर्व्हरचा खर्च सहा जणांत वाटून घ्यावा आणि जगाच्या फोल्डरची एक प्रत मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी पेनड्राइव्हवर काढून ठेवावी.