किल्ली बाबांकडंच राहू दे

पोरी,

काल फोनवर तुझा आवाज भरून आला म्हणून मी फार बोललो नाही. आज लिहितो. "काका, तुमचं ऐकतील ते, तुम्हीच सांगा बुलेट विकून टाकायला," असं म्हणालीस. मी सांगणार नाही. आणि तूही किल्लीला हात लावायचा नाहीस. कपाटात लपवायची नाही, पुण्याला जाताना पर्समध्ये टाकून न्यायची तर अजिबात नाही.

बाबा कुठं पडले ते आठव. राजवाड्यापाशी पुढची रिक्षा थांबली म्हणून थांबले, डावा पाय टेकला आणि गुडघ्यानं दगा दिला. म्हणजे रिक्षा वेळेत दिसली, ब्रेक वेळेत लागला, डोळे, डोकं, हात सगळं ठिकाणावर होतं. गाडी थांबलेली होती गं! सत्तरीकडं झुकलेला माणूस दर सिग्नलला एका दुखऱ्या गुडघ्यावर दीडशे किलोच्या वरचं लोखंड तोलून धरतो. दुखणं आहे ते त्या उभं राहण्यात. त्यावर उपाय सोडून तू सरळ चालवणंच बंद करायला निघालीस.

माझंही हेच झालं होतं. बासष्टाव्या वर्षी, बोगद्याच्या अलीकडच्या चढावर, मागं तुझी काकू. गाडी थांबवली, कलली, सावरता आली नाही आणि तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्याच आठवड्यात मी साइडकारचं, म्हणजे गाडीच्या बाजूला जोडायच्या एका चाकाच्या बैठकीचं, बघायला हवं होतं. पण तिसरं चाक लावलं की लोक म्हातारा म्हणतील, या एका विचारापायी मी आणखी दीड वर्ष दोन चाकांवर काढलं. ती एक शब्द न बोलता मागं बसायची बंद झाली. ते दीड वर्ष मला अजून बोचतं. आता ती शेजारी बसते, मांडीवर पिशवी घेऊन, आणि आम्ही महिन्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट चढून येतो.

साइडकारच्या पैशात जुनी कार आली असती, असं मला चौघांनी ऐकवलं. आली असती. पण चाळीस वर्षं ज्यानं वारा अंगावर घेतला त्याला काचा लावून बसवलं की तो गाडी चालवत नाही, नुसता पोहोचतो. मी हट्टी आहे म्हण, चालेल. या एका बाबतीत मला कुणी पटवू शकलेलं नाही.

बाबांची खरी अडचण लाज आहे, ते तुला बोलून दाखवणार नाहीत. त्यांना मोटार वाहन कायदा १९८८ मधली मोटारसायकलची व्याख्या वाचून दाखव. जादा चाकाची, काढता-घालता येणारी साइडकार लावलेली दुचाकीसुद्धा त्यात मोटारसायकलच धरली आहे. तिसरं चाक लावून त्यांचं काही जात नाही. मात्र आरटीओत विचारून, रीतसर परवानगी घेऊन आरसीवर नोंद करायची आणि विमा कंपनीला कळवायचं. गॅरेजवाला "कोण बघतंय" म्हणेल, त्याचं ऐकायचं नाही.

आणि तुला त्यांची तपासणीच हवी असेल तर ती कर ना. पंचावन्न उलटल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो. तो नुसता सही-शिक्क्याचा कागद होऊ देऊ नकोस. डोळे नीट तपासून घे, गुडघ्याचा फोटो काढ. तिथं जेवढा आग्रह धरायचा तेवढा धर. किल्ली सोडून कशावरही भांड.

हे मी का म्हणतो ते सांगतो. १९९८ साली मी माझ्या वडिलांच्या राजदूत मोटारसायकलची किल्ली काढून घेतली होती. संध्याकाळी एका सायकलवाल्याला घासून गेले म्हणून. त्या रात्रीच किल्ली तांदळाच्या डब्यात टाकली. वडिलांनी एकदाही मागितली नाही. दर रविवारी फडकं घेऊन टाकी पुसायचे, स्पोकमधली धूळ बोटानं काढायचे आणि आत येऊन बसायचे. मंडईत जाणं सुटलं, मग मित्राच्या दुकानावर जाणं सुटलं. दोन वर्षांनी कळलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तासाभराचं ऑपरेशन. मला डोळे तपासायचं सुचलं नाही, किल्ली तेवढी सुचली. घरात लहान पोरं होती, मला भीती वाटली, ती भीती खोटी नव्हती आणि मी बेपर्वा मुलगा नव्हतो. पण किल्ली काढायला मला पाच मिनिटं लागली आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायला दोन वर्षं, याला मी अजून उत्तर देऊ शकलेलो नाही.

आता बाबांसाठी. त्यांना वाटेल, दोन चाकांवर चाळीस वर्षं काढली, तीन चाकं म्हणजे काय! तिथंच घात होतो. दुचाकी कलून वळते. वेगात डावीकडं जायचं तर आपला हात नकळत डावी मूठ पुढं ढकलतो. साइडकारवाल्या गाडीवर तीच मूठ ढकलली की गाडी उजवीकडं जाते. मी पहिल्याच दिवशी कुंपणाच्या तारेपर्यंत गेलो होतो. साइडकार आपल्याकडं डाव्या बाजूला, म्हणून रिकामी असेल आणि डावं वळण जोरात घेतलं तर तिचं चाक हवेत उचलतं. गॅस दिला की गाडी डावीकडं ओढते, नुसत्या मोटारसायकलच्या ब्रेकवर दाबली की उजवीकडं. डावा पाय तर खाली टाकायचाच नाही, साइडकारच्या जोडाच्या दांड्यात अडकतो, आणि ही सवय सगळ्यात उशिरा मोडते. खड्डा चुकवला असं वाटतं तोवर तिसरं चाक त्यात पडलेलं असतं. हँडल इतकं जड लागतं की पहिला महिना माझे खांदे रात्री ठणकायचे.

म्हणून म्हणतो, त्यांना घाई करू देऊ नकोस. आणि जोडणी जाणत्याकडूनच. साइडकारचं चाक पुढच्या बाजूनं किंचित आत, गाडी साइडकारच्या विरुद्ध बाजूला केसभर कललेली, हे जमलं नाही तर गाडी सारखी एकीकडं ओढत राहते आणि म्हाताऱ्या खांद्यांचं भुस्कट होतं.

शनिवारी रात्री तू येतेसच. रविवारी सकाळी सातला बाबांना घेऊन एमआयडीसीत ये, रस्ते मोकळे असतात. माझ्या गाडीवर शिकू देत. साइडकारमध्ये चाळीस किलोचं वाळूचं पोतं मी टाकून ठेवतो. पहिला तास फक्त उजवी वळणं, दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. त्यांना हेल्मेट आणायला सांग, पायात बूट घालायला सांग, चप्पल नको. तू कडेला उभी राहा आणि काही बोलू नकोस. त्यांची बुलेट घरीच असू दे, किल्ली त्यांच्या खिशात.

तुझा,
काका